पहारेकऱ्याची जुनी वही : नेटवर्क सुरक्षेच्या नोंदी बॅकअपमधून परत कशा आणतात?

सायबर हल्ल्याच्या बातमीत संस्थेच्या बाजूने एक वाक्य हमखास असते : "आमच्याकडे सगळ्याचा बॅकअप आहे." बहुतेक वेळा ते खरेही असते. तरीही चोर आत कधी शिरला, कुठल्या कुठल्या खोलीत गेला, काय घेऊन गेला, हे पुढचे कित्येक दिवस कुणालाच सांगता येत नाही. त्याची उत्तरे हिशेबाच्या किंवा ग्राहकांच्या डेटात नसतात. ती असतात नेटवर्कवर पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेच्या जुन्या नोंदींमध्ये. या नोंदी बॅकअपमधून परत आणणे म्हणजे नुसत्या फाइली कॉपी करणे नव्हे. घाईत केले तर परत आणलेला पुरावा आपल्याच यंत्रणेकडून दहा मिनिटांत पुसला जाऊ शकतो.

इतक्या जुन्या नोंदी लागतात कशाला?

१३ डिसेंबर २०२० रोजी उघड झाले की, सोलारविंड्स कंपनीच्या ओरायन या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमध्येच हल्लेखोरांनी चोरदरवाजा बसवला होता. ही अपडेट मार्च २०२० पासून ग्राहकांकडे जात होती. हल्ल्यात वापरलेल्या डोमेनचे, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याचे, नाव लगेच जाहीर झाले. आपले एखादे यंत्र त्या पत्त्याशी बोलले होते का, हे पाहायला डीएनएसच्या (नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) जुन्या नोंदींत ते एक नाव शोधणे पुरेसे होते. अट एवढीच, की नऊ महिन्यांपूर्वीच्या नोंदी हाताशी असायला हव्यात आणि त्यांत शोधता यायला हवे.

चालू डिस्कवर इतके मागचे ठेवणे क्वचितच परवडते. म्हणून काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे जवळ ठेवायचे आणि बाकीचे बॅकअपमध्ये टाकायचे, अशी रीत असते. गरज पडते ती नेमकी या दुसऱ्या ढिगाची.

पहारेकरी काय काय लिहून ठेवतो?

इमारतीचा पहारा डोळ्यांसमोर आणा. फाटकावर नोंदवही असते : कोण आला, कुणाकडे गेला, किती वाजता बाहेर पडला. नेटवर्कवर हे काम झीकसारखे सॉफ्टवेअर करते. प्रत्येक जोडणीची एक ओळ लिहिते. दुसरी असते धोक्याची घंटा. ओळखीची खोडी दिसली की सुरिकाटासारखे सॉफ्टवेअर ती वाजवते. तिला अलर्ट म्हणतात. तिसरे म्हणजे कॅमेऱ्याचे चित्रीकरण, अर्थात तारेवरून गेलेले प्रत्येक पॅकेट जसेच्या तसे साठवणे. पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीचा छोटा तुकडा.

चौथी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे पहारेकऱ्याच्या चाव्या आणि नियमपत्रिका. त्यात सेन्सर (वाहतूक पाहणारी यंत्रे) आणि मुख्य सर्व्हर यांनी एकमेकांना ओळखण्याची प्रमाणपत्रे, कुठल्या खोडीवर घंटा वाजवायची याचे नियम, शोधाची तयार पाने आणि गुप्त मजकूर उलगडणारी किल्ली हे सगळे येते.

या चौघांच्या आकारात प्रचंड फरक आहे. एक गिगाबिटची जोडणी दिवसभर पूर्ण भरून वाहिली तर सेकंदाला १२५ मेगाबाइट, म्हणजे दिवसाला १०.८ टेराबाइट पॅकेटे जमतात. सरासरी वापर त्याच्या दहावा हिस्सा धरला तरी दिवसाला एक टेराबाइटहून जास्त. नोंदवहीचा आकार त्यामानाने फारच लहान असतो. चाव्या आणि नियम तर खिशात मावतील एवढे. म्हणून सर्वांत लहान गोष्टीचा बॅकअप रोज घ्यावा आणि सर्वांत मोठीचा निवडून घ्यावा. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी उलटे असते : टेराबाइटांनी पॅकेटे जपलेली असतात आणि किल्लीच सापडत नाही.

फोल्डर कॉपी करून का भागत नाही?

शोध वेगाने व्हावा म्हणून नोंदी इलॅस्टिकसर्चसारख्या डेटाबेसात भरतात. तिथे त्यांचा इंडेक्स तयार होतो. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, तशीच ही सूची; फरक इतकाच की ती क्षणोक्षणी बदलत असते. जुने तुकडे एकत्र होऊन नवे बनतात, काही भाग अजून मेमरीतच असतो. अशा वेळी डेटाचे फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवले, तर शब्दसूची एका क्षणाची आणि पाने दुसऱ्या क्षणाची अशी गत होते. चालू डेटाबेसाच्या फोल्डरची कॉपी हा वैध बॅकअप नाही, असे इलॅस्टिकसर्चच्या कागदपत्रांतही स्पष्ट लिहिले आहे.

त्यासाठी त्यात स्नॅपशॉटची सोय आहे. स्नॅपशॉट म्हणजे एका ठरावीक क्षणी सुसंगत असलेली प्रत. पहिला स्नॅपशॉट सगळे तुकडे भांडारात, म्हणजे स्नॅपशॉट साठवायच्या जागेत, नेतो. पुढचे फक्त नवे तुकडे नेतात आणि जुन्यांकडे बोट दाखवतात. यामुळे जागा वाचते, पण एक सापळाही तयार होतो. भांडारातल्या जुन्या तारखेच्या फाइली कुणी 'आता काय उपयोग' म्हणून हाताने पुसल्या, तर कालचा ताजा स्नॅपशॉटही निकामी होऊ शकतो, कारण त्याचे अर्धे तुकडे त्याच फाइलींमध्ये असतात. जुना स्नॅपशॉट काढायचा तर तो डेटाबेसाच्या आज्ञेनेच काढावा.

कुठल्या क्रमाने परत आणायचे?

मुख्य सर्व्हरच गेला असेल तर आधी चाव्या आणि नियम. ऑपरेटिंग सिस्टिम आणि सॉफ्टवेअर मात्र बॅकअपमधून न घेता कोरे, अधिकृत जागेवरून आणून बसवावे. जुन्या चालत्या फाइलींत हल्लेखोराने काही पेरले असेल तर ते पुन्हा घरात नको. सर्व्हरचे नाव आणि आयपी पत्ता पूर्वीचाच ठेवावा. प्रमाणपत्रे याच ओळखीशी बांधलेली असतात. ओळख बदलली तर सेन्सर चालू दिसतात, पण नव्या सर्व्हरशी बोलायला नकार देतात.

स्नॅपशॉटमध्ये काय नसते, तेही माहीत हवे. इलॅस्टिकसर्चची संरचना-फाइल (सेटिंगची फाइल) आणि पासवर्ड ठेवण्याची तिजोरी त्यात येत नाही. किबाना हा शोधाचा पडदा काही गोष्टी कुलूपबंद करून ठेवतो; अलर्ट कुणाला, कुठल्या खात्यातून पाठवायचा याचे पासवर्ड त्यांतच असतात. त्या कुलपाची किल्ली स्नॅपशॉटबाहेर, किबानाच्या संरचना-फाइलीत असते. ती हरवली तर नियम पडद्यावर दिसतात, पण अलर्ट पाठवायचे काम बंद पडते.

परत आलेले नियम लगेच चालू करू नयेत. 'या पत्त्याकडे दुर्लक्ष कर' अशा ओळी त्यात असतात. त्यातली प्रत्येक ओळ कुणी, कधी आणि का घातली, हे तपासावे. घुसखोराला लपण्यासाठी याहून सोयीची जागा नाही.

स्नॅपशॉट उतरवण्याची प्रत्यक्ष वाट

शक्य असेल तर जुना डेटा चालू यंत्रणेवर उतरवूच नये. वेगळे यंत्र घ्यावे. पहारा चालू असताना त्याच टेबलावर जुन्या वह्यांचे गठ्ठे टाकले की नवी नोंद करायला जागा उरत नाही, आणि इथे हे शब्दशः खरे ठरते. इलॅस्टिकसर्चमध्ये डिस्क ८५ टक्के भरली की त्या यंत्रावर इंडेक्सचे नवे भाग ठेवणे थांबते, ९० टक्क्यांना असलेले भाग दुसरीकडे हलवायला सुरुवात होते आणि ९५ टक्क्यांना त्या यंत्रावर भाग असलेले सगळे इंडेक्स लिहिण्यासाठी बंद होतात. म्हणजे गेल्या वर्षीचा हल्ला शोधण्याच्या नादात आज चालू असलेल्या हल्ल्याची नोंदच थांबते.

वेगळ्या यंत्रावर भांडार जोडताना ते 'फक्त वाचण्यासाठी' म्हणून जोडावे. दोन डेटाबेस एकाच भांडारात लिहू लागले तर भांडार बिघडते. मग स्नॅपशॉटची यादी मागवून प्रत्येकाची स्थिती पाहावी. 'यशस्वी' आणि 'अंशतः' यांतला फरक इथेच कळतो. 'अंशतः' असेल तर काही तुकडे मुळात आलेलेच नाहीत.

पुढे आवृत्तीचा प्रश्न. नव्या आवृत्तीत घेतलेला स्नॅपशॉट जुन्या आवृत्तीत उतरत नाही. उलट दिशेने साधारणपणे एकच मोठी पायरी चालते : सातव्या आवृत्तीत बनलेला इंडेक्स आठवीत वाचता येतो, सहावीत बनलेला असेल तर अडतो. मग मधल्या आवृत्तीचे तात्पुरते यंत्र उभारून इंडेक्स नव्याने बांधावा लागतो. म्हणून ज्या आवृत्तीत बॅकअप घेतला तिचे इन्स्टॉलर बॅकअपशेजारीच ठेवावे. पाच वर्षांनी ते शोधत बसण्याची वेळ फार वाईट असते.

उतरवण्याची आज्ञा देताना चार गोष्टी आवर्जून सांगाव्यात. इंडेक्सच्या नावाआधी ओळख पटेल असा शब्द जोडावा, उदाहरणार्थ 'जुना'. त्याच नावाचा इंडेक्स उघडा असेल तर उतरवणे अडते, आणि नाव वेगळे असले की गल्लत टळते. जादा प्रतींची संख्या शून्य ठेवावी. एक प्रत राहिली तर एक टेराबाइटला दोन टेराबाइट लागतात, आणि मूळ स्नॅपशॉट भांडारात आहेच. संपूर्ण यंत्रणेची मांडणी परत आणू नये. ती आणली तर आजचे साचे आणि सेटिंग जुन्यांनी झाकली जातात. आणि इंडेक्सना दिलेली सामाईक टोपणनावे वगळावीत, नाहीतर रोजच्या पडद्यांवर जुन्या आणि नव्या नोंदी एकत्र दिसू लागतात.

वेळ किती लागेल? इलॅस्टिकसर्च मुळात प्रत्येक यंत्राला सेकंदाला ४० मेगाबाइटची मर्यादा घालते. त्या वेगाने एक टेराबाइटला सुमारे सात तास. वेगळे यंत्र असेल तर मर्यादा वाढवावी. चालू यंत्रणेवर ती तिथल्या कामाला जपण्यासाठीच आहे. सगळ्यांत मोठी बचत मात्र वेग वाढवून होत नाही, कमी मागून होते. डोमेन शोधायचे असेल तर फक्त डीएनएसचे आणि फक्त हव्या आठवड्यांचे इंडेक्स उतरवावेत.

परत आलेला डेटा गायब का होतो?

सगळे नीट उतरते, आकडे जुळतात, चहा घेऊन यावे तर इंडेक्स नाहीत. पुन्हा उतरवावेत, पुन्हा नाहीत. हॅकर आला असे वाटते. खरे कारण घरातच असते.

प्रत्येक यंत्रणेत साफसफाईचा नियम असतो, जसे 'नव्वद दिवसांपेक्षा जुने पुसून टाक'. इंडेक्स परत येतो तेव्हा तो स्वतःची मूळ जन्मतारीख आणि स्वतःला लागू असलेल्या नियमाचे नाव, दोन्ही सोबत घेऊन येतो. इलॅस्टिकसर्चचा सफाई-कामगार मुळात दर दहा मिनिटांनी फेरी मारतो. त्याला दोनशे दिवसांचा इंडेक्स दिसतो आणि तो त्याचे काम चोख करतो. त्याची चूक काहीच नसते.

उपाय दोन. सफाई पूर्ण थांबवता येते, पण मग चालू यंत्रणेची डिस्क भरत जाते आणि वर सांगितलेली ९५ टक्क्यांची रेषा जवळ येते. दुसरा उपाय चांगला : उतरवतानाच त्या इंडेक्सवरचे सफाईच्या नियमाचे नाव काढून टाकावे. तो इंडेक्स मग कुणाच्याच यादीत नसतो. काम संपल्यावर तो हाताने पुसायचा आहे, याची नोंद मात्र कुठेतरी ठळक करून ठेवावी.

पॅकेटांच्या फाइलींतही हाच प्रकार आहे, आणि तो जास्त फसवा आहे. जागा कमी पडली की सर्वांत जुनी फाइल आधी पुसायची, अशी तिथली सफाई असते. जुन्या फाइली मूळ तारखेसह चालू फोल्डरमध्ये ठेवल्या तर त्याच आधी जातात. कॉपी करताना तारीख आजची झाली तर त्या सर्वांत 'नव्या' ठरतात, आणि त्यांना जागा करून देण्यासाठी गेल्या आठवड्याचे खरे चित्रीकरण पुसले जाते. त्या फाइली चालू फोल्डरमध्ये न ठेवणे हाच मार्ग.

नोंदी आल्या, पण तारीख आजची दाखवतात

स्नॅपशॉट नसेल आणि नुसत्या लॉगच्या (नोंदींच्या) मजकूर-फाइली असतील, तर त्या पुन्हा डेटाबेसात भराव्या लागतात. इथे घड्याळ फसवते. प्रत्येक ओळीत घटनेची वेळ लिहिलेली असते. झीकमध्ये ती मुळात १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत असते. भरणाऱ्या सॉफ्टवेअरला ती वाचता आली नाही, तर ते भरण्याच्या क्षणाची वेळ लावून मोकळे होते. मग मार्चमधली चोरी आज दुपारी झाल्यासारखी दिसते. काही अलर्टचे नियम भरण्याची वेळ पाहून चालतात. त्यांना वाटते हल्ला आत्ताच सुरू आहे, आणि रात्रपाळीच्या माणसाला शेकडो संदेश जातात. भरण्याआधी संदेश पाठवणे बंद करावे आणि आधी एका तासाची एकच फाइल भरून वेळ तपासावी.

दुसरी अडचण दुप्पट नोंदींची. फाइल कुठपर्यंत वाचली हे भरणारे सॉफ्टवेअर लक्षात ठेवते, पण अनेकदा फाइलीला नावाऐवजी डिस्कवरच्या तिच्या अंतर्गत क्रमांकाने ओळखते. परत आणलेल्या फाइलीचा क्रमांक नवा असतो, म्हणून ती पहिल्या ओळीपासून वाचली जाते. त्यातल्या नोंदी डेटाबेसात आधीच असतील तर सगळे दोनदा मोजले जाते आणि 'दुप्पट डेटा बाहेर गेला' असा खोटा निष्कर्ष निघतो.

पॅकेटे असतील तर बाकी काही नसले तरी चालेल?

बऱ्याच अंशी, हो. चित्रीकरणावरून नोंदवही पुन्हा लिहिता येते, नोंदवहीवरून चित्रीकरण बनवता येत नाही. जुनी पॅकेट-फाइल झीक किंवा सुरिकाटाला थेट वाचायला दिली की ते पॅकेटांवरची मूळ वेळ वापरून नोंदी आणि अलर्ट नव्याने तयार करतात. फायदा असा, की तेव्हा अस्तित्वात नसलेले आजचे नियम तेव्हाच्या वाहतुकीवर लावता येतात. हीच फाइल नेटवर्क कार्डावरून पुन्हा 'वाजवली', म्हणजे तारेवर परत सोडली, तर मात्र तिला आजची वेळ लागते. सरावाला ते ठीक, तपासाला नाही.

एक बारकावा. झीक प्रत्येक जोडणीला जो ओळखक्रमांक देते तो पुन्हा चालवल्यावर बदलतो. जुन्या अहवालातले क्रमांक नव्या नोंदींत सापडणार नाहीत. कम्युनिटी आयडी ही दुसरी ओळख मात्र दोन्ही बाजूंचे पत्ते, पोर्ट आणि प्रोटोकॉल यांवरून काढलेली असते, म्हणून तीच राहते. जुने-नवे जोडायला तीच वापरावी.

आणि पॅकेटे साठवून त्यांत शोधू देणारी आर्किमीसारखी यंत्रणा असेल, तर तिच्या इंडेक्समध्ये 'हे संभाषण अमुक यंत्रावरच्या अमुक फाइलीत अमुक जागी आहे' एवढाच पत्ता असतो. इंडेक्स परत आला पण फाइली त्याच वाटेवर, त्याच यंत्राच्या नावाखाली नसल्या, तर यादीत संभाषण दिसते आणि उघडायला गेले की आत काहीच नसते. ही जोडी एकत्रच परत आणावी.

सगळे नीट आले, हे कशावरून ओळखायचे?

'काम पूर्ण' हा संदेश पुरेसा नाही. नोंदींची संख्या बॅकअपच्या वेळच्या संख्येशी जुळवावी. पहिली आणि शेवटची वेळ पाहावी. मग तासागणिक आलेख काढावा; मधेच सपाट खड्डा दिसला तर तिथला तुकडा आलेला नाही. पॅकेट-फाइलींसाठी बॅकअप घेतानाच काढलेला एसएचए-२५६ ठसा (फाइलीच्या मजकुरावरून काढलेली खूण) पुन्हा काढून ताडावा. तो तेव्हा काढला नसेल, तर 'ही फाइल मधल्या काळात बदललेली नाही' हे कुणालाही सिद्ध करता येणार नाही. एखादी फाइल शेवटच्या पॅकेटच्या मधोमध तुटलेली निघाली तर घाबरू नये. लिहिणे चालू असताना बॅकअप झाला असा त्याचा बहुधा अर्थ असतो आणि आधीची पॅकेटे वापरता येतात.

संशयित फाइलींचे नमुने जपले असतील तर आणखी एक पाहावे. बॅकअप सर्व्हरवरचा अँटिव्हायरस त्यांना खरा विषाणू समजून पुसतो, कारण ते खरे विषाणूच असतात. असे नमुने पासवर्ड घातलेल्या संग्रहात ठेवावेत.

"आमच्याकडे पाच प्रकारचे बॅकअप आहेत"

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रसिद्ध सेवेत एका अभियंत्याच्या हातून चुकून मुख्य डेटाबेसाचे फोल्डर पुसले गेले. बॅकअपचे अनेक मार्ग होते. रोजचा बॅकअप पाहिला तर भांडार रिकामे : बॅकअप घेणारे साधन ९.२ आवृत्तीचे आणि डेटाबेस ९.६ चा, म्हणून ते दर वेळी अपयशी ठरत होते. अपयश कळवणारे ईमेलही पोहोचत नव्हते, कारण ते पाठवणाऱ्याची ओळख न पटल्याने नाकारले जात होते. शेवटी योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत कामी आली, आणि सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने हे सगळे स्वतः उघडपणे लिहिले, याबद्दल तिचे आभारच मानायला हवेत.

रेड पद्धतीने एकत्र जोडलेल्या डिस्क, त्यातली एखादी बिघडली तरी डेटा वाचवतात. चुकीची आज्ञा त्या तितक्याच निष्ठेने सगळ्या डिस्कवर पाळतात. क्लाउडमधल्या प्रतीचेही तसेच : पुसण्याचा अधिकार ज्या खात्याला आहे ते खाते हल्लेखोराच्या हाती गेले की प्रतही गेली. निदान एक प्रत अशी हवी, जी ठरलेल्या मुदतीआधी कुणालाच, व्यवस्थापकालाही, पुसता येणार नाही.

आणि दर तीन महिन्यांनी रंगीत तालीम. तिच्यासाठी सगळा डेटा लागत नाही. मागच्या तिमाहीतला एक दिवस निवडावा, ज्या दिवशीची एखादी घटना आपल्याला नक्की माहीत आहे, जसे मुद्दाम केलेली चाचणी किंवा ठरलेल्या वेळी झालेले मोठे हस्तांतरण. त्या दिवसाचे इंडेक्स आणि पॅकेटे वेगळ्या यंत्रावर उतरवावीत, ती घटना नावाने शोधावी, तिची पॅकेटे उघडावीत. हे काम ज्याने बॅकअपची व्यवस्था लावली त्याने करू नये. दुसऱ्याने, फक्त लिहून ठेवलेल्या सूचनांवरून करावे. त्याला किती तास लागले, कुठली किल्ली मिळाली नाही, कुठल्या पायरीला त्याने फोन केला, हे त्याच सूचनांच्या कागदावर तारखेसह लिहावे, आणि त्या कागदाची एक छापील प्रत नेटवर्कबाहेर ठेवावी.